कयाकमधली पुढची जागा

विमा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर आपल्या टेबलाशी बसून मुंधिर एका अपघाताचा अर्ज वाचत होता. ‘समोरची भिंत माझ्या गाडीवर आली,’ असं अर्जदारानं लिहिलं होतं. एकवीस वर्षं तो असले अर्ज वाचत आला होता आणि आता त्याला हसू येत नसे. चूक लिहायला बसलेला माणूस पहिल्याच वाक्यात स्वतःला अलगद बाहेर काढून ठेवतो, हे त्याला पाठ झालं होतं. त्या वाक्याखाली तो पेन्सिलीनं रेघ मारत होता, एवढ्यात दारात कुणीतरी त्याचं नाव विचारलं. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, किनाऱ्याकडच्या बोलीतला. मान वर करण्याआधीच त्यानं तो ओळखला. अंगाभोवती पांढरी सफसारी चादरीसारखी गुंडाळलेली, तिचं एक टोक दातांत धरलेलं, हातात पाच लिटरचा प्लॅस्टिकचा डबा. त्याचा मित्र लसाद याची आई मन्नूबिया, जिला तो खालती, म्हणजे मावशी, म्हणे. सात महिने ज्या घराचा विचारसुद्धा तो टाळत आला होता, ते घर दोन बस बदलून ट्यूनिसला, थेट त्याच्या टेबलापर्यंत आलं होतं.

आता ही ओरडेल, असं त्याला वाटलं. आणि आश्चर्य म्हणजे त्याला थोडं सुटल्यासारखंही वाटलं. पण तिनं डबा अर्जाच्या कागदावर ठेवला, त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकवलं. तिला कमी ऐकू येई, म्हणून ती मोठ्यानं बोले. सगळ्या खोलीला ऐकू गेलं. डब्यात तिच्या भावाच्या झाडांचं ऑलिव्हचं तेल होतं, यंदाचं. लसादला गेल्या सप्टेंबरात गस्तीवाल्यांनी समुद्रावरून उचलून नेलं तेव्हा चार दिवस मुंधिर फिरकला नाही, फोनही नाही, म्हणून ती त्याच्या नावानं बोटं मोडत बसली होती. सहा महिने मोडत होती. परवा लसादला ते ऐकवेना. तो म्हणाला, गप्प बस आई, मुंधिरनंच शहरातून मोठ्या साहेबाला फोन केला म्हणून मी सुटलो, त्याला ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. “मी तुला नाही नाही ते बोलले, पोरा,” ती म्हणाली. “मला माफ कर. म्हणून आले.”

खोलीत चार टेबलं होती. शेजारच्या टेबलावरच्या हेदीनं खुर्ची पूर्ण वळवून घेतली होती. मुंधिरच्या तोंडून शब्द आले, “त्यात काय एवढं, खालती.” बस्स. पुढे कितीतरी दिवस तो ते वाक्य तोंडात घोळवून पाहणार होता. ते खोटं नव्हतं, म्हटलं तर. त्यानं कशालाही हो म्हटलं नव्हतं. नुसतं विनयानं बोलला होता, चांगली माणसं बोलतात तसं. आणि त्या विनयानंच तेल त्याचं झालं होतं.

हेदीनं चहा मागवला. आमचे मुंधिरसाहेब अजून काय काय लपवून ठेवतात कोण जाणे, असं काहीतरी तो म्हणाला आणि बाकीचे दोघे आदरानं हसले. मुंधिर तिला खाली पोचवायला गेला. जिन्यात उजेड कमी होता. ती एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं त्याचं कोपर धरून एकेक पायरी उतरत होती. प्रत्येक वळणावर त्यानं ठरवलं, इथं सांगायचं. वाक्य तयार होतं. पण प्रत्येक वळणावर ती दम घ्यायला थांबे आणि त्याच्या कोपरावरची तिची पकड विश्वासानं घट्ट होई. खाली रस्त्यावर आल्यावर त्यानं तिला टॅक्सीत बसवलं. आणखी एक उपकार. टॅक्सी गेली तरी तो कडेला उभा राहिला. त्याच्या कोपराला तिच्या बोटांचा वास येत होता, साबणाचा आणि माशाचा. मग तो वर गेला आणि भिंत गाडीवर आल्याचा अर्ज त्यानं मंजुरीसाठी पुढे पाठवला.

कयाक, म्हणजे वल्हवायची निमुळती होडी, घ्यायचं डोक्यात आलं होतं ते चाळिशी उलटल्यावर. मुलगी लियाँला शिकायला गेली, घर एकदम मोठं झालं, आणि शनिवार-रविवार त्याच्या अंगावर येऊ लागले. तो राहायचा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नव्हती. गाडी लहान. लाकडाची किंवा फायबरची होडी ठेवायला जागा नव्हती. तेव्हा हवा भरायची, गुंडाळून पिशवीत घालायची, गाडीच्या डिकीत मावणारी. तीन महिने तो त्यावर वाचत होता, जसं काही परीक्षेला बसायचं आहे. स्वस्तातल्या असतात त्या मुलांच्या हौदासारख्या नुसत्या प्लॅस्टिकच्या. एका उन्हाळ्यात शिवणी सुटतात. चांगल्यांना आतून कापडाचं अस्तर असतं. तळ असा घ्यावा की ज्याच्या आत वरच्या आणि खालच्या पडद्यांना हजारो दोऱ्यांनी बांधलेलं असतं. हवा भरली की तो फळीसारखा कडक होतो, मधे वाकत नाही. हवेचे कप्पे निदान तीन हवेत, वेगवेगळे, म्हणजे एक फुटला तरी दोन उरतात. हे वाचताना त्याला फार बरं वाटलं होतं. सगळ्या धोक्यांचा आधीच विचार करून ठेवलेला, आणि प्रत्येकाला उत्तर असलेलं असं काहीतरी आपण विकत घेतो आहोत, असं.

प्रश्न एवढाच होता की एका जागेची घ्यायची की दोन. सिहाम, त्याची बायको, म्हणाली होती की ती त्या फुग्यात मरेपर्यंत बसणार नाही. दुकानदारानं विचारलं, मग दुसरी जागा कुणासाठी? मुंधिर म्हणाला, मित्रासाठी. हा शब्द उच्चारताना त्याला थोडं मिरवल्यासारखं वाटलं होतं. दुकानदार म्हणाला, तर मग त्यांचं वजन सांगा. दोघांचं आणि सामानाचं मिळून बघावं लागतं, होडी जड झाली की पाण्यात बसते आणि हलत नाही. मुंधिरनं तिथूनच लसादला फोन करून वजन विचारलं. “बोकडासारखं मला विकायला काढलंस की काय?” लसाद म्हणाला, आणि मग म्हणाला, ब्याऐंशी.

लसाद मर्सा हलीमाचा, बिझर्तच्या अलीकडे वळणाऱ्या रस्त्यावरचं गाव. दोघं भेटले ते सक्तीच्या लष्करी नोकरीच्या वर्षी, दक्षिणेतल्या छावणीत. मुंधिर तापानं पडला होता तेव्हा लसादनं सहा दिवस त्याच्या वाटणीचा पहारा दिला होता, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. ते वर्ष संपल्यावर मुंधिर कचेरीत लागला. लसाद बाविसाव्या वर्षी एका लाकडी होडीतून इटलीला गेला, अकरा महिने टोमॅटो तोडले आणि त्यांनी त्याला विमानात बसवून परत पाठवलं. तो हे विनोदासारखं सांगायचा: आमच्या गावात विमानात बसलेला मी पहिला. मग बापाची होडी, बाप गेल्यावर दुसऱ्यांच्या होड्या. वर्षातून तीन-चारदा मुंधिर त्याच्याकडे जाई. खालती मन्नूबिया मासे तळायची, त्याला घरच्यासारखं बजावून वाढायची. शहरात परतताना मुंधिरला नेहमी आपण साधे, मोकळे, माणसांत मिसळणारे आहोत असं वाटे. आता तो त्या वाटण्याकडे बघे तेव्हा त्याला ते फार महाग वाटे, आणि ती किंमत कधीच आपण दिली नव्हती हेही दिसे.

पहिल्यांदा त्यानं किनाऱ्यावर ती पिशवी उघडून हवा भरली तेव्हा लसाद वाळूत उकिडवा बसून बघत होता. ही गादी पाण्यात घालणार तू, असं त्यानं विचारलं. पण मग त्यानं तिच्या सगळ्या अंगावरून हात फिरवला, झडपा दाबून पाहिल्या, खालची पंखासारखी पट्टी हलवून पाहिली, आणि तो गंभीर झाला. तुझी ही वस्तू पाण्यात नाही, पाण्यावर आहे, तो म्हणाला. लाकडाला पाणी धरून ठेवतं, हिला वारा धरेल. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल त्या दिवशी हिला हातसुद्धा लावायचा नाही. पाणी शांत दिसेल, आरशासारखं, तेच फसवं. उन्हात वाळूवर ठेवलीस तर थोडी हवा सोड, नाहीतर आतली हवा तापून शिवण फाडेल. घरी गेल्यावर गोड्या पाण्यानं धू, सुकवल्याशिवाय गुंडाळू नकोस. मुंधिरनं हे सगळं पुस्तकात आधीच वाचलं होतं, तरी त्यानं ऐकून घेतलं. त्या उन्हाळ्यात ते सातदा पाण्यात गेले. लसाद पुढे बसायचा, मुंधिर मागे, कारण मागच्यानं पुढच्याच्या वल्ह्याशी आपलं वल्हं जुळवायचं असतं. मागे बसणाऱ्याला पुढच्याचं तोंड दिसत नाही. दिसते ती पाठ, मान, कानामागचे केस. सात शनिवार त्या पाठीकडे पाहून मुंधिर वल्हवत होता, आणि त्याच्या सगळ्या आयुष्यात कुणाशी इतकं न बोलता त्याला इतकं जुळल्यासारखं वाटलं नव्हतं.

आठव्या खेपेचा शनिवार सप्टेंबरातला. लसाद खुशीत होता. दोन वर्षं खटपट करून त्यानं खलाशाचे कागद मिळवले होते, आणि बंदरातल्या एका कंपनीनं मालवाहू जहाजावर डेकचं काम देऊ केलं होतं. सोमवारी वैद्यकीय तपासणी होती. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला असं काम पुन्हा कुणी देणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. या वेळी पासपोर्टावर शिक्का मारून जाणार, तो म्हणाला. ते भूशिराच्या पलीकडच्या खाडीत जायला निघाले. निघताना वारा नव्हता. तासाभरानं तो मागून, जमिनीकडून सुटला. लसादनं वल्हं थांबवून मान वळवली आणि शांतपणे म्हणाला, सरळ किनाऱ्याकडे नको, तिरकं काढू, दम टिकेल. ते तिरकं काढत होते, तरी किनारा बारीक होत होता. मुंधिरच्या दंडात गोळे आले होते. अशा वेळी गस्तीची बोट आली, आणि त्याला तिला पाहून आनंद झाला. हे तो नंतर विसरू शकला नाही, की पहिला क्षण आनंदाचा होता.

वरून त्यांना दिसलं असेल ते असं: दोन माणसं, हवेची होडी, किनाऱ्यापासून लांब, इटलीच्या बाजूला सरकत चाललेली. अधिकारी तरुण होता, उन्हानं कंटाळलेला. त्यानं ओळखपत्रं मागितली. मुंधिरचं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत होतं. ते पुस्तकात सांगितलेलं असतं. लसादचं दुसऱ्या विजारीच्या खिशात राहिलं होतं. त्यानं नाव सांगितलं, ते कुणीतरी वायरलेसवर विचारलं, आणि थोड्या वेळानं उत्तर आलं. अधिकाऱ्यानं लसादकडे पाहिलं, आणि त्याचा कंटाळा गेला. याला इटलीहून परत पाठवलेलं आहे, तो म्हणाला. मग मुंधिरकडे वळून, कार्डावरचं विमा कंपनीतलं काम वाचून, बऱ्याच नरमाईनं त्यानं विचारलं, “हा तुमच्याबरोबर आहे का?”

मुंधिरनं पुढे स्वतःला पुष्कळ कारणं दिली. मुलीकडे जाण्यासाठी त्यानं आणि सिहामनं व्हिसाचा अर्ज केला होता. माणसं चोरून इटलीला पोचवण्याच्या भानगडीत नाव आलं तर नोकरीही गेली असती. पण ही कारणं घरी आल्यावर आली, एकेक करून, जेवणाच्या टेबलावर. त्या क्षणी यातलं काहीच नव्हतं. फक्त अधिकाऱ्याच्या आवाजातली नरमाई होती, आणि ती आपल्यासाठी आहे, लसादसाठी नाही, हे कळणं होतं. एक दार अर्धवट उघडं होतं आणि त्यातून एकच माणूस जाऊ शकत होता. त्यानं स्वतःचा आवाज ऐकला, “नाही. ओळखीचा नाही. किनाऱ्यावर भेटला, पलीकडच्या खाडीत सोडा म्हणाला.”

पुढची पाठ हलली नाही. कानामागच्या केसांतून पाणी गळत होतं. मग लसाद बोलला, मागे वळून न बघता, “खरं आहे, साहेब. यांचा काही संबंध नाही. मीच यांना म्हटलं, जरा सोडा.” यांचा. यांना. वीस-बावीस वर्षांत त्यानं मुंधिरला कधी भावा आणि तू याशिवाय काही म्हटलं नव्हतं. तो परका आदर त्यानं इतक्या सहज, इतक्या पटकन आणला, जणू तो तयारच ठेवलेला होता. आणि मुंधिरला वाटलं, खरंच असेल का, इतकी वर्षं हा तो आत कुठेतरी ठेवून होता का. लसाद उठला. कयाक कलंडू नये म्हणून त्यानं पाय नेमका मधोमध टेकवला, बोटीची शिडी धरली आणि वर चढला. वरून तो काहीतरी सांगताना दिसला, हातानं वाऱ्याची दिशा दाखवताना. अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि एकानं दोर फेकला. तुम्हाला एकट्याला या वाऱ्यात जमणार नाही असं तो म्हणतोय, खलाशी वरून ओरडून म्हणाला, बांधा पुढे.

आणि मग मुंधिर ओढला गेला. वल्हं मांडीवर आडवं ठेवून तो मागच्या जागेवर बसला होता, पुढची जागा रिकामी, नाक वर उचललेलं, लाटांवर आपटत. दोराच्या दुसऱ्या टोकाला बोटीच्या मागच्या फळीवर लसाद बसला होता, पाठमोरा. अर्धा तास. त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. तो वळला असता तर आपण काय केलं असतं, याचा मुंधिरनं किती विचार केला. बहुतेक मान खाली घातली असती. उथळ पाण्यात त्यांनी दोर सोडला, अधिकाऱ्यानं जपून राहा म्हणून सांगितलं आणि बोट वळली. किनाऱ्यावर मुंधिरनं हवा सोडली. एखाद्या माणसानं कंटाळून श्वास सोडावा तशी ती बाहेर आली. कयाक धुतली नाही, सुकवली नाही. तशीच ओली गुंडाळून त्यानं ती पिशवीत कोंबली. खालती मन्नूबियाचं घर तिथून चारशे पावलांवर होतं. तो गाडीत बसला आणि ट्यूनिसला आला.

सिहामला त्यानं सांगितलं की लसादला आज जमलं नाही. चार दिवस तो कचेरीत गेला, जेवला, बातम्या पाहिल्या. पाचव्या दिवशी फोन वाजला. लसादचा आवाज बसलेला होता. मी घरी आलो, तो म्हणाला, काळजी करू नकोस, तुझं नाव कुठे नाही. मुंधिर म्हणाला, बरं. फोन ठेवल्यावर त्याला आठवलं की तपासणीचा सोमवार मधेच गेला. त्याबद्दल त्यानं विचारलं नव्हतं आणि लसादनं सांगितलं नव्हतं. नंतर कुणाकडून तरी त्याला कळलं, लसाद थाला गावाच्या बाजूला संगमरवराच्या खाणीवर दगड कापतो, पंधरवड्यातून एकदा घरी येतो. समुद्रापासून इतक्या लांब.

ते तेल घरी आलं. कचेरीतल्या कुणाच्या शेताचं आहे, असं तो सिहामला म्हणाला. तिनं ताटलीत ओतून पाव बुडवला, आणि डोळे मिटून म्हणाली की असं तेल लहानपणी खाल्लं होतं. आठवडाभर रोज ते टेबलावर होतं. त्याला ते गिळवत नव्हतं, आणि गिळवत नाही हे दिसू नये म्हणून तो सिहामपेक्षा जास्त घेत होता. कचेरीत हेदीनं गोष्ट वाढवली होती. आता त्यात मंत्र्याचा नातेवाईक आला होता. एक शिपाई आपल्या भाच्याच्या कामासाठी मुंधिरला भेटून गेला. एके दिवशी सिहाम माळ्यावरची ती पिशवी काढून म्हणाली की हिला कुजका वास येतोय, हिचं काय करायचं ते कर. त्यानं उघडून पाहिलं. घड्यांमधे काळे डाग पडले होते, झडपांत वाळू रुतली होती. स्नानघरात बसून त्यानं ती दोन तास घासली. डाग पुसट झाले, गेले नाहीत. ही लसादला देऊन टाकावी, असं त्याच्या मनात आलं. आणि सांगून टाकावं. दोन्ही एकदम. त्यातलं पहिलं दुसऱ्याला सोपं करील, हा हिशेब आपण केला आहे, हे त्याला कळत होतं, तरी तो रविवारी निघाला. लसादचा तो घरी येण्याचा रविवार नव्हता. हेही त्याला माहीत होतं.

खालती मन्नूबिया दारात बसून वाटाणे सोलत होती. त्याला पाहून ती धडपडत उठली. त्यानं पिशवी दाखवली, म्हणाला, ही लसादसाठी. तिनं पिशवीला हात लावला. “हीच का ती? फुगव बघू.” तिच्या अंगणापुढे रस्ता आणि रस्त्यापुढे समुद्रच होता. त्यानं वाळूवर ती पसरली आणि पंप जोडला. दोन्ही हातांनी दांडा वरखाली करताना त्याला घाम सुटला. सुरकुत्या एकेक करून गेल्या, तळ कडक झाला. ती भोवतीनं फिरून बघत होती. नवरा चाळीस वर्षं समुद्रावर गेला, मुलगा गेला, आणि आपण कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलो नाही, असं ती म्हणाली. कुणी नेलं नाही आणि आपणही कधी म्हटलं नाही. मग ती म्हणाली, “बसव मला. लसाद कुठं बसायचा?” त्यानं पुढची जागा दाखवली. वारा समुद्राकडून येत होता, हलका, पाणी खाडीच्या आत. त्यानं तिला तरंगायचं जॅकेट चढवलं, त्यावर तिनं सफसारी गुंडाळली. ती बसली, तेव्हा कयाक जराही दबली नाही.

ते खाडीच्या मध्यापर्यंत आले. तिनं एक हात पाण्यात सोडला होता आणि बोटांमधून पाणी जाताना बघत होती. पांढऱ्या कापडाखाली तिची पाठ लहान मुलीसारखी ताठ होती. त्या पाठीला मुंधिरनं सांगितलं. तिला कमी ऐकू येतं म्हणून त्याला मोठ्यानं सांगावं लागलं. शरमेची गोष्ट ओरडून सांगावी लागली. मी फोन केला नव्हता, खालती. त्यांनी मला विचारलं हा तुमच्याबरोबर आहे का, आणि मी नाही म्हणालो. ओळखत नाही म्हणालो. व्हिसाबद्दल, नोकरीबद्दल तो सांगायला लागला आणि मधेच थांबला.

तिचा हात पाण्यातून वर आला. तो तिनं सफसारीला पुसला, बराच वेळ.

“मग ते चार दिवस तू कुठं होतास?”

“घरी.”

“जेवत होतास?”

“हो,” तो म्हणाला.

 बारीक लाटा तळाला थापट्या मारत होत्या. ती रडते आहे का, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. ती वळेल, थुंकेल, काहीतरी बोलेल याची तो वाट बघत होता, आणि मग त्याच्या लक्षात आलं की इथं, पाण्यावर, ती पूर्णपणे आपल्या हातात आहे. तिला पोहता येत नाही, वल्हवता येत नाही, आणि तरी आपण तिला इथं आणूनच सांगितलं. अंगणात का नाही सांगितलं? जिन्यात का नाही?  तो वल्हं आडवं धरून बसून राहिला. शेवटी ती म्हणाली, “परत ने.”

किनाऱ्यावर त्यानं तिला हात दिला. तिनं तो घेतला, कारण दुसरा आधार नव्हता. ती घराकडे निघून जाईल असं त्याला वाटलं, पण ती थांबली. त्यानं झडपा उघडल्या तेव्हा ती न सांगता गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळव्यांनी हवा दाबून बाहेर काढू लागली, कणीक तिंबावी तशी. दोघांनी मिळून ती गुंडाळली. एकट्यानं नीट गुंडाळली जात नाही. त्यानं पिशवी तिच्या दाराकडे न्यायला उचलली, तर तिनं मान हलवली. ही इथं नको, ती म्हणाली. आमच्यासारख्यांच्या दारात असलं काही दिसलं की माणसं चौकशीला येतात. तुझ्या घरी ही खेळ असते, पोरा.

तो पिशवी डिकीत ठेवत होता तेव्हा ती मागून आली. ऊन तिच्या डोळ्यांवर होतं. आता तिचं तोंड त्याला दिसत होतं आणि ते रागावलेलं नव्हतं, फक्त खूप थकलेलं होतं, कुणी मेल्यावर तीन दिवसांनी बायकांचं होतं तसं.

“लसादला कळता कामा नये, मला हे कळलंय म्हणून,” ती म्हणाली. “त्याला वाटतं, आपला एक माणूस शहरात आहे असं मला वाटावं. त्यानं ते माझ्यासाठी केलंय. पुढच्या रविवारी तो घरी येईल. तू जेवायला ये.”

तो म्हणाला, मी कोणत्या तोंडानं येऊ. ती म्हणाली, “याच.”

पुढच्या रविवारी तो गेला. लसाद दारात उभा होता. वाळला होता, भुवयांत आणि नखांच्या कडांना दगडाची पांढरी पूड बसलेली, धुऊनही न निघालेली. त्यानं मुंधिरला मिठी मारली, नेहमीसारखी, पाठीवर दोन थापा देऊन. मग तोंड त्याच्या कानाशी नेऊन हळूच विचारलं, “भावा, आईला काही बोलला नाहीस ना? मी तिला एक गोष्ट सांगून ठेवलीये.” मुंधिर म्हणाला, नाही. हे त्यानं डोळ्यांत बघून म्हटलं आणि लसादचा चेहरा निवळला. त्याच्या चेहऱ्यावर कसलीही तक्रार नव्हती. तक्रार असती तर मुंधिर तिला धरून उभा राहू शकला असता.

खालतीनं मोठं ताट मधे ठेवलं. कुसकुस, म्हणजे वाफवलेला रवा, वर भोपळा, मिरच्या आणि एक मोठा मासा. तिघं भोवती बसले. लसाद खाणीतल्या मुकादमाची नक्कल करत होता, आणि मुंधिरला हसू येत होतं, खरं हसू, त्याची त्याला लाज वाटली. तिनं माशाचा पोटाकडचा तुकडा तोडला, काटे काढले आणि मुंधिरच्या पुढ्यात ठेवला. मग हात पुसून, नेहमीच्या मोठ्या आवाजात, ती म्हणाली, “याच्याकडून मला नीट काही कळत नाही. तू सांग. त्या दिवशी तू मोठ्या साहेबाला फोनवर काय म्हणालास?”

लसादचा चमचा थांबला. त्यानं ताटातून वर न बघता मुंधिरच्या गुडघ्याला गुडघा लावला, विनंती करावी तसा. खालती मुंधिरकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत काय आहे ते तो शोधू लागला आणि त्यानं शोधणं सोडून दिलं. मासा त्याच्या तोंडात होता, मऊ, गरम. त्यानं तो गिळला. मी घरी पोचलो, तो म्हणाला, आणि तसाच ओल्या कपड्यांनी फोनकडे धावलो. ओल्या कपड्यांनी, लसाद म्हणाला, ऐकतेस ना आई. साहेब आधी फोनवर येईनात, मुंधिर म्हणाला. मी म्हटलं, मी ठेवणार नाही, वाट बघतो. आवाज स्थिर होता. तो स्वतःला ऐकत होता, त्या माणसाला, ओल्या कपड्यांत उभ्या राहिलेल्या, फोन न ठेवणाऱ्या. वाक्यामागून वाक्य येत होतं आणि कुठेही अडत नव्हतं. लसाद मान डोलावत होता, मधेमधे भर घालत होता. हळूहळू तो खुलला, गुडघा बाजूला झाला. मी त्यांना म्हटलं, तो माझा भाऊ आहे, मुंधिर म्हणाला, आणि इथं त्याचा आवाज तुटला.

खालतीनं माशाचा आणखी एक तुकडा उचलला. बोटांनी चाचपून त्यातला काटा शोधला, काढला आणि तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवला.

“खा,” ती म्हणाली. “मग? साहेब काय म्हणाले?”